काठीची भोकं

किनाऱ्यावरच्या दोरीपाशी रखवालदाराने सगळ्यांना बजावलं, “वाळूत खड्डे करू नका, कासवाची पिल्लं अडकतात.” आजोबांना आयतंच निमित्त मिळालं. डॉक्टरांनी मागे लावलेली काठी त्यांनी लगेच आजीच्या हातात कोंबली. “ऐकलंस ना? हिने भोकं पडतात.” आजीने काठी काखोटीला मारली. हे या वर्षातलं कितवं निमित्त, ते मोजणं तिने सोडून दिलं होतं. मग आजोबांनी रखवालदाराचं लांब दांड्याचं दाताळं मागून घेतलं आणि पाण्यापर्यंतचे पावलांचे खळगे स्वतः बुजवले. परतताना आपलेही ठसे पुसले. पिल्लं निघाली. शेवटचं लाटेत शिरेपर्यंत आजोबा त्या दांड्यावर रेलून उभे होते. रखवालदाराने दाताळं परत नेलं. आजोबा कशीबशी दोन पावलं चालले, थांबले, आणि समुद्राकडे बघतच आजीपुढे हात केला. “दे ती.” “आणि भोकं?” “पडू देत आता. पिल्लं गेली सगळी.”