बियाण्याचा भात

पेरणी तोंडावर आली आणि नेमके तेव्हाच झुंबरबाईच्या तुळसाला बघायला पाहुणे आले. घरात होतं ते नाचणीचं पीठ. भात उरला होता तो माळ्यावरच्या पेंढ्याच्या मुड्यात बांधलेला, बियाण्यापुरता.

"पेरायचं काय मग?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"पावण्यांफुडं नाचणीची भाकरी ठिवायची व्हय?" पिराजी खेकसला आणि त्यानं मुडा सोडला.

झुंबरबाईनं काळजावर दगड ठेवून ते बियाणं उखळात कांडलं. घनसाळ भाताचा वास पार बाहेर पाहुणे बसलेल्या सोप्यापर्यंत गेला. पाहुण्यांनी मागून मागून भात खाल्ला.

हात धुता धुता मुलाचा बाप म्हणाला, "पोरगी पसंत हाय. हुंडा नगं, मानपान नगं. ह्या भाताचं पेरणीपुरतं बियाणं तेवढं द्या."

दाराआड झुंबरबाईनं रिकामा मुडा पायानं मागं सारला. पिराजी उसनं हसला.

"तुमच्या एवढ्या मोठ्या घरात बियाण्याला काय तोटा, पावणं?"

पाहुण्यानं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"गेल्या म्हैन्यात आमच्या लेकीला बघायला पावणं आलतं. त्यांच्याफुडं नाचणीची भाकरी कशी ठिवायची?"