लेन्सवरचं कुंकू

खंडेनवमीला शेटेकाकांनी दुकानात पडून असलेले जुने डिजिटल कॅमेरे पाटावर मांडले. मोबाइल आल्यापासून त्यांना गिऱ्हाईक नव्हतं, पण पोट भरलं ते याच हत्यारांवर. हळदकुंकू वाहताना एका कॅमेऱ्याचं झाकण उघडं राहिलं आणि कुंकवाचं बोट नेमकं लेन्सवर टेकलं.

तेवढ्यात कॉलेजातली एक मुलगी आत आली. "काका, जुना डिजिटल कॅमेरा आहे? आमच्या लहानपणी घरोघरी असायचा तसला."

काकांना आधी थट्टाच वाटली. तरी बॅटरी घालून त्यांनी हाताला आला तो कॅमेरा पुढं केला. तिनं त्यांचाच फोटो काढला. टक्कल, चष्मा, मागची झेंडूची माळ, सगळं तांबूस धुक्यात बुडालेलं.

काका ओशाळले. जन्मभर त्यांनी 'आरशासारखा स्वच्छ फोटो' सांगून कॅमेरे विकले होते. ते रुमाल घेऊन सरसावले, तर तिनं कॅमेरा छातीशी धरला.

"पुसू नका हो. मोबाइलमध्ये सगळं फारच स्वच्छ येतं. माझ्या मैत्रिणींनाही अस्साच हवाय."

ती गेली. बायको पूजेचं आवरायला लागली, तोवर काका उरलेल्या कॅमेऱ्यांची झाकणं उघडत बसले होते.

"करंडा राहू दे," ते म्हणाले, "पूजा अर्धीच झालीय."