हाफ क्लच

“हाफ क्लचवर चालवू नकोस, प्लेटा जाळशील!” मागच्या सीटवरून बाबा ओरडले.

सकाळपासून त्यांच्या छातीत जळजळत होतं. ‘पित्त आहे,’ हा त्यांचा हेका. आईनं धोशा लावला म्हणून दवाखान्यात निघाले, तेही स्वतःच्या बुलेटवरूनच. किल्ली तेवढी मी काढून घेतली.

नळ स्टॉपला गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. माझा पाय जेमतेम टेकत होता, इंजिनाची धग पोटरीला भाजत होती, आणि बाबांच्या सूचना काही थांबेनात.

“बाबा, गप्प बसा ना जरा!”

ते बसले. सिग्नल लागला, तेव्हा त्यांचं हेल्मेट माझ्या पाठीला टेकलं. खांद्यावरची त्यांची बोटं सुटली. हाका मारल्या, ओ नाही. मागे वळावं, तर एवढं धूड आम्हा दोघांना घेऊन कलंडणार.

एकच उपाय सुचला. ब्रेक दाबून धरला, क्लच मुद्दाम अर्धा सोडला आणि रेस वाढवत गेले. इंजिन गुरगुरलं, प्लेटांचा जळका वास सुटला.

“ओ ताई, क्लच जळतोय!” शेजारचा रिक्षावाला ओरडला.

बाबा ओरडले नाहीत.