ओळख पटली

उपग्रहावरून वाट दाखवणारा पडदा काळा पडला तेव्हा विमान ढगात शिरलं होतं. मागे छत्तीस प्रवासी, पुढे कुठेतरी डोंगर. कॅप्टनने जुनी पद्धत धरली. विमानांना दिशा देणाऱ्या जमिनीवरच्या रेडिओ स्टेशनचा आकडा लावला. समोरचा दिशेचा काटा थरथरला आणि एका दिशेला स्थिर झाला.

पण नुसत्या काट्यावर भरवसा ठेवायचा नसतो. प्रत्येक स्टेशन आपलं नाव टिंब-रेघांत वाजवत असतं. ते कानाने ऐकायचं, ओळख पटवायची, मगच त्याच्या मागे जायचं.

कॅप्टनने आवाजाचं बटण शेवटापर्यंत फिरवलं, हेडफोन कानावर दाबला, तरी काही ऐकू आलं नाही. बारीक आवाज ऐकू येईनासे होऊन त्याला सहा महिने झाले होते. कंट्रोलशी बोलणं तो हल्ली सहवैमानिकेवर ढकलायचा, घरी बायकोच्या होला हो करायचा. गुरुवारी डॉक्टरी तपासणी होती. कान नापास ठरले तर उडणं बंद. एकतीस वर्षं विमानं उडवल्यावर जमिनीवर बसून करायचं तरी काय?

"ओळख पटली," तो म्हणाला आणि विमान वळवू लागला.

"थांबा सर!" सहवैमानिका दचकली. "मीही तेच ऐकतेय. काहीच वाजत नाहीये."

"वाजतंय गं. नीट ऐक."

"नाही सर. स्टेशन दुरुस्तीला काढलं असणार. तेव्हा नाव मुद्दाम बंद ठेवतात ना? काटा काय, वाट्टेल तिकडे दाखवेल."

हा नियम त्यानेच तिच्याकडून पहिल्या आठवड्यात घोकून घेतला होता. त्याने दांड्यावरचे हात काढले.

"तू घे," तो कसाबसा म्हणाला.

तिने विमान सरळ केलं, दुसरं स्टेशन लावलं. ओठ हलवत टिंबं-रेघा मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या. काटा भलतीकडेच वळला. कॅप्टनने मांडीवरच्या नकाशावर आपली मघाची दिशा बोटाने पुढे नेली. बोट डोंगराच्या उंचीच्या आकड्यावर जाऊन थांबलं.

ढग विरळ झाले, खाली रस्ता दिसला, तरी कॅप्टनचं बोट तिथेच होतं.

"उतरल्यावर ऑफिसात तुम्ही सांगाल," ती समोरच बघत म्हणाली, "की मी सांगू?"

हे त्याला खणखणीत ऐकू आलं.

"काय म्हणालीस?" त्याने विचारलं.