तुळजाबाईचं खरं वय

"आजी, आधार कार्डावर एकसष्ट आहे, पगाराला पासष्ट लागतात. तुमचं खरं वय किती?" दात, गुडघे तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि तुळजाबाईनं चोरून नवऱ्याकडं पाहिलं.

कळंबच्या शाळेत शिबिर भरलं होतं. कार्ड चुकलं असेल तर डॉक्टरांनी वय ठरवायचं आणि तिथल्या तिथं श्रावणबाळ योजनेचा म्हातारपणचा पगार मंजूर! सकाळपासून सगळ्यांची नुसती लगीनघाई चालली होती. तुळजाबाईच्या नवऱ्याला, बलभीमला, हा पगार वर्षापूर्वीच चालू झाला होता. तेव्हापासून त्याची बीपीची गोळी रोज न चुकता. तिची मात्र दिवसाआड, कारण तेवढ्यात एकाचंच भागायचं. परवाच चक्कर येऊन ती चुलीपाशी पडली, थोडक्यात वाचली. आज हुकलं तर पुढचं काही खरं नव्हतं.

पण सांगायचं तरी कसं? बायको नवऱ्यापेक्षा मोठी असून चालतं होय! लग्नात आईनं बजावलं होतं, वय विचारलं तर नवऱ्याहून पाच कमी सांग. कार्ड काढतानाही तिनं इमानेइतबारे तेच केलं. बलभीमला आजवर पत्ता नव्हता, आणि आता तो शेजारीच पिशवी धरून उभा होता.

"बोला आजी, मागं रांग आहे."

जाऊ दे, गेली लाज चुलीत! तुळजाबाईनं पदर खोचला.

"बहात्तरच्या दुष्काळात म्या सोळा वर्सांची व्हते बाई. खडी फोडायला जायची. ह्ये तवा तेराचे. चड्डीवर फिरत व्हते!"

सगळी शाळा हसली. बलभीमचं तोंड बघण्यासारखं झालं. तुळजाबाईला मात्र कसं मोकळं मोकळं वाटत होतं! डॉक्टरीणबाईंनी हसत हसत दाखल्यावर सही ठोकली. एकोणसत्तर! पगार मंजूर!

रांगेत तिच्यामागं शिवकांताबाई होती. आत्ता सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली होती. तिचा नवरा शांतलिंग दाराशीच उभा होता. तिनं त्याच्याकडं सरळ पाठ फिरवली, पुढं झाली आणि टेबलावर कार्ड आपटलं.

"माझं बी खोटं हाय," ती म्हणाली. "अन् एकेकीला इचारत बसू नका बाई. ह्या रांगेतली एक बी नवऱ्याहून ल्हान न्हाय!"