कुटुंब अ आणि कुटुंब ब

"ही बघा, ही आमची आरोही," असं दादाभाऊंनी मंचरच्या त्या मंगल कार्यालयात भेटेल त्याला सांगून झालं होतं. चहावाल्यालाही सोडलं नव्हतं. आणि का सोडावं? विद्यापीठाच्या ग्रंथालयानं यंदा विद्यार्थ्यांचे शोधप्रकल्प कपाटात न कोंडता तालुक्यात आणून मांडले होते, आणि त्यात एक अवसरी बुद्रुकच्या पोरीचा होता. बापाची छाती फुगायला एवढं कारण पुरे.

प्रकल्प तरी किती तऱ्हेचे! एका पोरानं उसातल्या बिबट्यांचा माग काढला होता. जुन्नरच्या उजमानं हातकागद बनवणाऱ्या घराण्यांवर लिहिलं होतं, आणि ती येईल त्याला कागदाला हात लावून बघू देत होती. कुणी झाडाखालच्या अरणीत, म्हणजे पाचटानं झाकलेल्या ढिगात, बटाटा कसा टिकतो ते मांडलं होतं. दादाभाऊ प्रत्येकापुढे थांबायचे, "लई भारी" म्हणायचे आणि वर पुस्ती जोडायचे, "आमच्या पोरीचा पाण्यावर हाय. धरणाबिरणाचा आसंल. मोठं काम!"

आरोहीनं घरी एवढंच सांगितलं होतं, की पाण्यावर आहे. धरण दादाभाऊंनी स्वतःच बांधलं होतं.

मग ते तिच्या फलकापुढे आले. वर ठळक अक्षरात होतं, 'अबोला आणि पाणी: एका सामाईक विहिरीचा अभ्यास'. खाली विहिरीचा फोटो. मोटारीची खोली, शेजारी वाकडा लिंब. ओळखायला चष्मा लागला नाही.

"अगं, ही तर आपली विहीर!"

आपली म्हणजे अर्धी आपली. अर्धी भागूची. भागू हा दादाभाऊंचा चुलतभाऊ. बांधावरून दोघांचं फाटलं तेव्हा आरोही रांगत होती. तेव्हापासून लग्नात नाही, मयतीत नाही, रस्त्यात समोर आले तरी शब्द नाही. विहिरीवर मात्र पाळी चालू. चार दिवस यांचे, चार दिवस त्यांचे.

दादाभाऊंचा चेहरा खर्रकन उतरला. "आपली भाऊबंदकी मांडलीस व्हय गं चव्हाट्यावर?"

"अण्णा, नावं नाहीत कुणाची. नुसतं कुटुंब अ आणि कुटुंब ब. आईला विचारलं होतं, भागूकाकांकडच्या काकूलाही विचारलं होतं."

"आन् मला?"

"तुम्ही नाहीच म्हणाला असतात."

हे खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. "अवसरीतलं शेंबडं पोर बी सांगंल, अ कोण न् ब कोण. काढ ते. आत्ताच्या आत्ता काढ!"

काढणं तिच्या हातात होतं. ग्रंथालयाच्या मॅडमनी सकाळीच सांगितलं होतं, उद्यापासून सगळे प्रकल्प कुणालाही वाचायला खुले होतील. ज्याला नको असेल त्यानं आजच सांगावं. आरोही फलकाचा कोपरा धरून उभी राहिली. दोन वर्षं राबली होती पोरगी त्यावर. डोळ्यांत पाणी आलं.

"आधी वाचा तरी," ती म्हणाली. "मग काढते."

दादाभाऊ रागारागानं वाचू लागले. आपल्या पाळीत मोटार बंद पडली, तर जेवढे तास वाया गेले तेवढे खडे खोलीच्या पायरीवर ठेवायचे. बोलणं नाही, निरोप नाही. दुसरा येतो, खडे बघतो आणि तेवढे तास थांबतो. खरे की खोटे, कधी पारखत नाही. अगदी शेवटी आरोहीनं लिहिलं होतं, 'एकमेकांवर एवढा राग आणि एवढा विश्वास मला दुसरीकडे कुठे सापडला नाही.'

मागून कुणीतरी खाकरलं. भागू! बायकोनं ओढून आणलं असणार. अवसरीची चार माणसं लगेच जवळ सरकली. फुकटचं भांडण कोण सोडतंय?

भागूनं फलक सावकाश वाचला. दादाभाऊंकडे बघितलंसुद्धा नाही. आरोहीला म्हणाला, "पोरी, यात एक चूक हाय."

"कोणती, काका?"

"खडे कधी पारखले न्हाईत, आसं लिव्हलंस. म्या पारखले व्हते. एका साली विहिरीनं तळ गाठला व्हता. ह्यो लबाडी करत आसंल म्हणून दिसभर उसात दडून मोटारीवर डोळा ठिवला." भागू अडखळला. "मोटार पाच तास बंद व्हती. पायरीवर खडे तीनच."

जमलेली माणसं दादाभाऊंकडे बघू लागली.

"आपल्या हक्काचं दोन तास सोडलं ह्यानं. माझ्यासाठी. म्या परत कधी बघाया गेलो न्हाय. लई लाज वाटली."

दादाभाऊंचे कान लाल झाले. चोरी पकडल्यासारखे ते इकडेतिकडे बघू लागले. मग गर्रकन भागूकडे वळले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलले. बोलले कसले, खेकसलेच.

"मग काय तुझा कांदा जळू द्यायचा व्हता व्हय रं?"

भागूनं टोपी काढली आणि त्या टोपीनंच डोळे पुसले. आरोहीला हसू आणि रडू एकदमच फुटलं. तिनं पेन काढलं.

"अण्णा, हे लिहू का कुटुंब अ च्या खाली? की काढूनच टाकू सगळं?"

"काढतीस कशाला?" दादाभाऊ म्हणाले. "आन् हे अ न् ब काय लावलंयस? सरळ नावं घाल आमची. भागूचं आधी."