उशाशी दोन बटणं

लेकीने फिशटँकच्या दिव्यांचा प्लग उपटला आणि मिनिटभरात आईचा मोबाइल वाजला.

आईने डोळ्यांवरचा टॉवेल काढला. "त्याचाच असणार," म्हणत लगबगीने उठून बसली, केस कानामागे सारले. "आज भरदुपारी कशी काय आठवण झाली बाई!"

"आई, दिवे का गेले?" मुलाचा आवाज अख्ख्या खोलीला ऐकू आला. "आधी पाण्यात बघ. मासे हलतायत का?"

आईचा हात केसांवरच राहिला.

"हलतायत रे," ती म्हणाली.

लेकीने तिच्या हातातून फोन घेतला. "दादा, प्लग मी काढलाय. दिवे सुटे करतेय."

"तू? तू कधी आलीस?"

"अर्धा तास झाला. तुझ्या कॅमेऱ्यासमोरच उभी आहे."

कॅमेरा समोरच्या भिंतीवर होता, टँककडे रोखलेला. टँकमधला उजेड गेला की दादाच्या मोबाइलवर घंटी वाजायची. म्हणून टँकचे दोन्ही दिवे रात्रंदिवस चालू. दोन्ही एकाच वायरीवर; एक विझवायचा तर दुसराही विझणार. नातेवाइकांत मात्र त्याने सांगून ठेवलं होतं, 'आईवर लक्ष ठेवायला कॅमेरा लावलाय.' मामा तर ज्याला त्याला सांगत सुटला होता, मुलगा असावा तर असा.

टँकला चिकटून आईची खाट. डोळ्यांचं ऑपरेशन होऊन महिना व्हायचा होता. दिव्याचा पांढराफेक उजेड थेट उशीवर पडायचा. आई टॉवेल ओला करून डोळ्यांवर घ्यायची आणि झोपले म्हणायची.

"कुणी सांगितलं तुला हात लावायला?" दादाचा आवाज चढला. "अंधारात घाबरतात ते."

"काचेला बोटभर शेवाळ धरलंय त्या उजेडाने. त्यांनाही झोप लागते दादा."

"मग आईने पट्टी बांधून झोपावं. काय होतं त्यात?"

"तुझ्या माशांना बांध पट्टी."

"तोंड सांभाळून बोल. कारखान्यात विजेची चार पॅनेल जोडलीस म्हणजे..."

"तीनशे जोडलीत. एकही असं जोडलं नाही, की एकाची झोप दुसऱ्याच्या वायरीला बांधली जाईल." ती खाली बघत होती, खाटेशेजारच्या फरशीकडे. "गेल्या सोमवारी आई पडली. पाऊण तास पडून होती. इथे, आत्ता माझे पाय आहेत तिथे. तेव्हा कुठे होतास?"

"कामात होतो. काम असतं मला."

"आणि आत्ता?"

पलीकडून फोन बंद झाला.

"कशाला बोललीस एवढं?" आई म्हणाली. "तो तरी काय करणार? त्या दिवशी दिवे चालूच होते. घंटी कशी वाजेल?"

लेकीने टँकचं दिवे बसवलेलं झाकण उचलून टेबलावर पालथं घातलं. वायरींच्या जोडाची काळी टेप पाण्याच्या वाफेने चिकट झाली होती. ती तिने अशी ओरबाडली, की नखाखाली रक्त आलं. बोट ओढणीला पुसलं. दोन्ही दिव्यांच्या वायरी वेगळ्या केल्या, सोलल्या, प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना ओळखीसाठी आकडा छापलेली नळी चढवली. कारखान्याची सवय, घरात हे आकडे बघायला कुणी येणार नव्हतं. वायर भिंतीकडेने खाटेपर्यंत आणली. वाटेत तिला खाली एक झोल ठेवला, पाणी ओघळलंच तर तिथून गळून जावं, बटणात शिरू नये. शेवटी दोन बटणांची पेटी खाटेच्या उशाशी स्क्रूने आवळली. एका बटणाखाली चिठ्ठी डकवली, 'मासे'. दुसऱ्याखाली, 'आई'.

"पाहुण्यांनी हे वाचलं तर?" आई म्हणाली.

"वाचू देत."

झाकण बसवून तिने प्लग लावला. दोन्ही दिवे लागले. आईने डोळे गच्च मिटले.

"हे बटण टँकच्या पलीकडच्या, सोफ्याकडच्या दिव्याचं. तो चालू राहू दे, त्याला त्याचे मासे दिसतील, ओरडणार नाही. आणि हे तुझं. हे दाबायला कुणाला विचारायचं नाही. मलासुद्धा नाही."

आईचं बोट पेटीवरून चाचपडत गेलं. टक्. उशीवरचा उजेड गेला. खाट सावलीत आली. टँकच्या या अर्ध्या भागात चपटे मासे हळूच सरकले आणि झाडाच्या बुडाशी स्थिर झाले.

दोघीही मोबाइलकडे बघत राहिल्या. तो वाजला नाही.

"झालं," लेक हत्यारं पिशवीत भरत म्हणाली. "आता झोप बघू बिनघोर."

आईने टॉवेलची घडी केली. उशीखाली ठेवली. पडली. कूस बदलली. मग हात वर करून तिने दुसरंही बटण दाबलं. अख्खा टँक अंधारला.

"आई, ते नाही! ते माशांचं—"

मोबाइल वाजायला लागला.

लेकीने तो घ्यायला हात पुढे केला. आईने तिचं मनगट धरलं आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडे तोंड करून, पदर नीट करून पडून राहिली.

"वाजू दे," ती म्हणाली. "तेवढा वेळ तरी तो इकडे बघतोय."